दोन इंच जास्तीचं तळं

तळ्याकाठच्या टेलरमावशींनी एकदा धुकं कापलं होतं. म्हणजे त्या तसं सांगत. पहाटे दुकानाचं दार उघडलं तर धुकं थेट उंबऱ्यापर्यंत आलेलं, दाट, घडी घालण्याजोगं. मावशींनी कात्री उचलली, खिडकीच्या मापाचा एक तुकडा काढला, वरून नेफा घातला आणि दांडीत ओवून टाकला. तीन दिवस तो पडदा टिकला. चौथ्या दिवशी उन्हानं त्याचा एकेक टाका उसवला आणि फरशीवर नुसतं पाणी उरलं. ते पाणी ज्या फडक्यानं पुसलं ते फडकं मावशींकडे अजून होतं. बघायचं असेल त्याला त्या दाखवत, आणि फडकं खरोखरच ओलं असे.

अशा बाईकडे तळ्याचा पुरावा गोळा करायचं काम आलं, हे ऐकून वस्तीतल्या अर्ध्या बायकांनी कपाळाला हात लावला आणि उरलेल्या अर्ध्या हसून हसून बेजार झाल्या.

दूध संकलन केंद्राच्या माडीवर, जिथे एरवी रिकामे कॅन पालथे घातलेले असत, तिथे दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी शिबिर भरायला लागलं होतं. शहरातून एक बाई यायच्या. घडीचा फळा, खडूंचा डबा आणि कधीही न हसणारा चष्मा. पाणी, झाडं, हवा कशी राखायची, आणि राखायला निघाल्यावर कुणी अंगावर आलं तर सरकारदरबारी तोंड कसं उघडायचं, हे त्या शिकवत. समोर वीसेक बायका आणि कॉलेजातली सात-आठ पोरंपोरी. बाईंचं खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांची पुरावाबाई झाली.

"आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलंय," कुणी म्हणायचं.

"पुरावा?"

"आता यात कसला पुरावा? दोर जास्त सोडायला लागतो."

"किती जास्त? कधीपासून? कुणी मोजलं? कशानं मोजलं? लिहून ठेवलं?"

महिन्याभरात वस्तीची भाषाच बदलली. पोरानं अभ्यास झाला म्हटलं की आई म्हणायची, पुरावा? नवरा म्हणाला आज लवकर येतो, तर बायको म्हणायची, कुणी मोजलं, कशानं मोजलं?

एका शुक्रवारी बाईंनी फळ्यावर एक नकाशा टाचला. वस्ती होती, रस्ता होता, संकलन केंद्रसुद्धा होतं. तळ्याच्या जागी मात्र पांढरा कोरा तुकडा होता आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: कोरडी पडीक जागा.

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. खिडकीतून तळं दिसत होतं. दुपारच्या उन्हात पापण्या मिटून पडलेलं, पोटावर दोन बदकं घेतलेलं. आपल्याबद्दल कागदावर काय लिहिलंय याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

"या कोरड्या जागेवर भराव टाकून गोदाम बांधायचंय," बाई म्हणाल्या. "अर्ज आलाय. वर्षभरानं सुनावणी आहे. नियम असा आहे, की बारा महिने पाणी असेल आणि सगळ्यात कोरड्या आठवड्यातसुद्धा किमान एक फूट असेल, तर ते तळं. नाहीतर खड्डा. खड्डा बुजवता येतो."

"डोळे फुटलेत का त्यांचे?" दूधवाली म्हणाली. "येऊन बघा म्हणावं."

"ते येणार नाहीत. आपण मोजायचं. दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच माणसानं. वर्षभर, एक खाडा न करता. कोण करेल?"

आता वर्षभर एक खाडा न करता असं वस्तीत कोण काय करत होतं? नीट विचार केला तर एकच माणूस सापडत होतं. चाळीस वर्षं रोज पहाटे दुकान उघडणाऱ्या, तळ्यापासून वीस पावलांवर राहणाऱ्या आणि गळ्यात टेप घालूनच जन्माला आल्यासारख्या दिसणाऱ्या टेलरमावशी.

"हिच्या हातात टेप?" दूधवाली ओरडली. "अहो बाई, पुढच्या महिन्यात तळ्यात जहाज येईल!"

"आलंच होतं एकदा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "शीड फाटलं होतं. मी शिवून दिलं."

पुरावाबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "मावशी, कथा नको. आकडा. फक्त आकडा. जमेल?"

"बाई," मावशी म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज जरा वेगळा होता, "थापा मी मारते. मापात कधी मारली नाही. चाळीस वर्षांत या वस्तीतला एक सदरा कुणाला घट्ट झाला असेल तर सांगा."

वस्तीतलं प्रत्येक अंग त्या क्षणी मावशींनीच शिवलेल्या कपड्यात आरामात बसलेलं होतं.

मग सोमवार सुरू झाले.

पहाटे, उजाडायला लागलं की मावशी आणि त्यांची भाची धक्क्यावर जात. भाची कॉलेजात होती आणि शिबिरातही. वही तिच्याकडे. धक्क्याच्या तिसऱ्या खांबाशी मावशी गुडघ्यावर बसत, मेणकापडी टेपला खाली शिवणयंत्राचं एक जुनं लोखंडी चाक बांधलेलं असे, ते पाण्यात सोडत. चाक बुडत जाई आणि त्याच्या मागोमाग मावशींचा जीवही थोडा बुडत जाई. धुक्यात वरचं आणि खालचं काही कळत नसे. एक बगळा पाण्यावर उभा की आभाळावर, ठरवता येत नसे. चाक तळाला टेकलं की हाताला एक मऊ धक्का बसे, झोपलेल्या माणसाच्या खांद्याला हात लागावा तसा, आणि तळं कूस बदले. मावशी आकडा बोलत, भाची लिहून घेई.

"एकतीस."

"एकतीस. वेळ सहा दहा. अजून काही?"

"अजून म्हणजे, काल म्हणे त्याला झोप लागली नाही. मासे फार गडबड करत होते."

"मावशी, ते लिहायचं नसतं."

"मग कशाला विचारतेस?"

असे सोमवार एकामागून एक गेले. पानगळ झाली तेव्हा तळ्यानं अंगावर पिवळी गोधडी ओढून घेतली. थंडीत त्यातून इतकी वाफ निघायची की मावशींनी म्हणे एकदा तिच्यावर इस्त्री गरम केली. उन्हं वाढली तसं तळं बारीक होत गेलं. काठावर चिखलाच्या भेगा पडल्या, त्या मावशींना उसवलेल्या शिवणीसारख्या दिसत आणि त्यांचा हात नकळत सुई शोधू लागे. दर आठवड्याला साधारण अर्धा इंच पाणी उतरे. साडेसतरा, सतरा, साडेसोळा.

आणि मग एका सोमवारी तेरा.

त्या आठवड्यात काठावर एक पंप येऊन बसला होता. होऊ घातलेल्या गोदामासाठी चाललेल्या नव्या रस्त्यावर पाणी मारायला टँकर भरून नेत होते, आठ दिवस, दिवसभर. कॉलेजच्या पोरांनी जाऊन विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "कोरड्या जागेतलं पाणी आहे, कुणाच्या बापाचं?" भाचीनं पाण्यात सोडलेल्या पाइपचा फोटो काढला, टँकरचा नंबर दिसेल असा, आणि वहीत तारखेपुढे लिहिलं: पंप. पुढच्या सोमवारी पंप गेलेला होता आणि आतल्या झऱ्यांनी थोडं भरून काढलं होतं. साडेतेरा. त्यानंतर पाऊस आला आणि तळं पुन्हा अंग धरू लागलं.

तेरा हा सगळ्यात लहान आकडा. फुटाच्या वर एक इंच. माडीवर बायकांनी टाळ्या वाजवल्या. दूधवालीनं मावशींना मिठी मारली आणि म्हणाली, "मेले, पहिल्यांदा खरं बोललीस आणि तेही वर्षभर!"

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात भाची मावशींच्या भाषणाचा सराव घेत होती. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळणार होती. पुरावाबाईंनी शिकवलं होतं: तारीख, आकडा, कशानं मोजलं, आणि खाली बसायचं. बगळ्याचं नाव काढायचं नाही. एवढ्यात शेजारची एक मुलगी शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला आली. मावशींनी तिच्या छातीभोवती टेप फिरवला आणि म्हणाल्या, "लिही. तीस."

भाचीनं सहज मान वर केली. "मावशी, टेप अठ्ठावीस दाखवतोय."

"मग?"

"मग तीस कसं?"

"अगं, दोन इंच शिलाईला नकोत? अंगाचं माप लिहिलं तर कापड कमी पडेल ना. मी नेहमी शिलाई धरूनच बोलते. माझे हात मोजतात अठ्ठावीस, तोंडातून येतं तीस. चाळीस वर्षं हेच चाललंय, वेडे. तू आज बघितलंस?"

गणवेशवाली मुलगी माप देऊन पळाली. भाचीचा चेहरा हळूहळू कोऱ्या कागदासारखा होत गेला.

"मावशी," ती म्हणाली, "तळ्यालासुद्धा?"

मावशींनी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

दोघी धक्क्यावर गेल्या. मावशींनी चाक सोडलं. तळाला टेकल्यावर त्या सवयीनं म्हणाल्या, "एकोणतीस." भाचीनं वाकून, नाक पाण्याला लागेस्तोवर वाकून, टेपवरचा आकडा वाचला. सत्तावीस.

भाची लाकडी फळ्यांवर बसली. वही उघडून तिनं तेरावर बोट ठेवलं.

"म्हणजे अकरा," ती म्हणाली. "फुटाच्या आत. खड्डा."

"पंपानं ओढलं नसतं तर चौदा असतं की खरंखुरं."

"असतं! पण ते त्यांना पटवावं लागेल. आणि आपले आकडेच चुकीचे म्हटल्यावर पंपाचं कोण ऐकणार? तेरा असतं तर पंपाचा विषयच काढायला लागला नसता, मावशी. तेरा, एक फुटाच्या वर, संपलं." मग तळ्याकडे बघत, हलक्या आवाजात ती म्हणाली, "तसंही तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एक थाप फुकटात, शिवून, इस्त्री करून मिळाली होती. फक्त अंगात घालायची होती.

दुकानात परतल्यावर त्या यंत्रावर डोकं टेकून बसल्या. ऊन दारातून आत येऊन फरशीवर लोळत होतं. केव्हातरी दार वाजलं. न वाजताच उघडलं असंही म्हणता येईल. आत तळं आलं.

ते ओलं होतं हे सांगायला नको. खिशांत मासे होते, ते मधूनच डोकं बाहेर काढून दुकान न्याहाळत होते. एका खांद्यावर कमळाचं पान अडकलेलं, दुसऱ्यावर तो बगळा, जणू आरशात स्वतःला बघायलाच आलेला. तळं स्टुलावर उभं राहिलं आणि त्यानं मुकाट्यानं दोन्ही हात वर केले, चांगलं सवयीचं गिऱ्हाईक करतं तसे.

मावशींनी टेप लावला. टेप पाण्यातून आरपार गेला आणि पलीकडून दुसऱ्या एका दुपारीतून परत आला.

"वर्षभर तू मला लठ्ठ सांगत होतीस," तळं म्हणालं. त्याचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमत होता. "दोन इंचांनी. बगळे हसतात मला."

"अरे, शिलाई धरली मी. पुढेमागे वाढशील, उसवून मोठं करता येईल, म्हणून."

"माझी शिवण कुठून घालणार तू?"

मावशींनी त्याच्या कडेकडेनं बोट फिरवलं. कुठेच टोक नव्हतं. एकीकडून बोट निघालं ते काठ, लव्हाळे, चिखल, गाईंच्या खुरांच्या खुणा, धुण्याचा दगड, सगळं ओलांडून त्याच जागी परत आलं. एवढ्या मोठ्या अंगाला शिवणच नव्हती. जिथे शिवण नाही तिथे शिलाई कसली धरायची?

"म्हणजे घट्टच होईल रे मग," मावशी पुटपुटल्या. "अंगाबरोबर."

"मी श्वास रोखून धरीन," तळं म्हणालं. मग ते स्टुलावरून उतरलं आणि उन्हासकट दारातून निघून गेलं. मावशी जाग्या झाल्या तेव्हा गालावर यंत्राच्या चाकाचा गोल वळ उमटला होता आणि फरशी कोरडी ठणठणीत होती. यावर त्यांनी नंतर कधीही गोष्ट रचली नाही.

सुनावणी सरकारी कचेरीच्या वरच्या दालनात होती. लांब टेबल, त्यावर फायली, फायलींवर साहेब. त्यांच्या डाव्या हाताला मोजणीदार, पोलादी टेपची डबी मुठीत धरून. उजवीकडे गोदामवाल्यांचा वकील, कडक कोटात. मागच्या बाकांवर सगळं शिबिर दाटीवाटीनं बसलं होतं. पुरावाबाईंच्या बोटांना इथेसुद्धा खडू लागलेला होता.

मावशींचं नाव पुकारलं. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. माइक एकदा किंचाळला, मग गप्प झाला.

"एका वर्षात बावन्न सोमवार," मावशी म्हणाल्या. "एकही खाडा नाही. धक्क्याचा तिसरा खांब. मेणकापडी टेप. सगळ्यात कमी पाणी तेरा इंच." त्या थांबल्या. पुरावाबाईंनी मागून मान डोलावली, म्हणजे आता बसा. "असं वहीत आहे. पण ते खरं अकरा आहे, साहेब. वहीतला प्रत्येक आकडा दोननं जास्त आहे. मी टेलर आहे. मी शिलाई धरून बोलते."

मागच्या बाकांवरून एक लांब सुस्कारा आला, सायकलच्या चाकातली हवा जावी तसा. भाचीनं डोळे मिटून घेतले. दूधवाली मात्र मोठ्यानं म्हणाली, "हिला आजच खरं बोलायचं सुचलं!"

वकील उठायच्या आधीच हसला होता. "साहेब, साक्षीदारानं स्वतःच कबूल केलंय. सगळी नोंदवही चुकीची आहे. रद्द समजावी."

"चुकीची नाही," मावशी म्हणाल्या. "दोननं जास्त आहे. फरक आहे त्यात."

साहेबांनी चष्मा काढला. "काय फरक आहे, बाई?"

"चुकीची म्हणजे कधी एक, कधी पाच, कधी मनाला येईल ते. माझी दोनच. पाऊस असो, थंडी असो, अंगात ताप असो. एका थापाड्या बाईची एवढीच एक खात्री आहे, साहेब, की माप घेताना ती दोनच वाढवते. बघायचं असेल तर बघा की. तुमचे मोजणीदार आहेत ना? मी मोजते, मग ते मोजू देत."

आता असं सरकारी दालनात कुणी कधी बोललं नव्हतं, आणि दुपार फार लांब होती. साहेबांनी होकारार्थी मान डोलावली.

मावशींनी गळ्यातला टेप काढला आणि टेबलाच्या रुंदीवर धरला. "अडतीस." मोजणीदाराची पोलादी पट्टी सर्रकन बाहेर आली. "छत्तीस, साहेब." खिडकी. "चौपन्न." "बावन्न." फायलींचा गठ्ठा. "एकोणीस." "सतरा." मोजणीदार आता आपणहून जागा दाखवायला लागला, खुर्चीची पाठ, दाराची चौकट, पाण्याची बाटली. बाटलीला मावशी म्हणाल्या तेरा, तो म्हणाला अकरा, आणि मागे कुणीतरी टाळी वाजवली.

"आता साहेबांची परवानगी असेल तर," मावशी म्हणाल्या आणि वकिलाकडे वळल्या. वकील मागे सरकला, पण टेप आधीच त्याच्या छातीभोवती गेला होता. "चव्वेचाळीस."

"बेचाळीस," मोजणीदार म्हणाला आणि हसू दाबायला त्यानं खाली मान घातली.

"आणि दादा, हा कोट ज्यानं शिवला त्यानं शिलाई सोडलीच नाही बघा. काखेत ओढ येतेय. पुढच्या हिवाळ्यात टरकन जाईल."

सगळं दालन हसलं. साहेबही हसले, आणि हसता हसताच त्यांनी वही जवळ ओढली. मग ते हसायचे थांबले. पेन्सिल घेऊन ते एकेका आकड्यातून दोन वजा करत खाली उतरू लागले.

"साडेपंधरा. पंधरा. साडेचौदा. अकरा." पेन्सिल थांबली. "हे अकरा फुटाच्या आत आहे, बाई."

"आहे, साहेब," मावशी म्हणाल्या. "कमी सांगायची माझी पण इच्छा नव्हती."

वकील पुन्हा उठला, पण साहेबांनी हात वर केला. "दर आठवड्याला अर्धा इंच उतरणारं पाणी एकाच आठवड्यात साडेतीन इंच कसं उतरलं? आणि पुढच्या सोमवारी वर कसं आलं? मधे पाऊस नाही. इथे 'पंप' लिहिलंय. कुणी लिहिलं?"

भाची उठली. तिचीही तीन मिनिटं होती आणि ती तिला तेवढी लागलीसुद्धा नाहीत. तारीख, फोटो, टँकरचा नंबर, रस्ता कुणाचा, पाणी कुठे गेलं. आवाज सुरुवातीला थरथरला, मग थरथरायचा विसरला. वकील म्हणाला, फोटो कोणत्याही दिवशीचा असू शकतो. साहेब म्हणाले, "फोटो असू शकतो. हा आकडा नाही. ज्या बाईनं स्वतःच्या विरुद्ध जाणारे दोन इंच इथे येऊन परत दिले, तिनं साडेतीन इंच बनवून आणले असं म्हणायचंय का तुम्हाला?"

वकिलाला तसं म्हणायचं होतं. पण काखेत खरंच ओढ येत होती आणि त्याचं चित्त विचलित झालं होतं.

निकाल काही तळ्याच्या बाजूनं लागला नाही. सरकारी कामात एवढं सरळ काही लागत नसतं. साहेबांनी लिहिलं, की आणखी एक वर्ष भराव टाकायचा नाही, काठावर पंप बसवायचा नाही, आणि मोजणीदारानं दर सोमवारी स्वतः जाऊन, टेलरबाईंसोबत, धक्क्यावर आणि तळ्याच्या मध्यभागी मोजणी करायची. दोघांचे आकडे जुळले तर नकाशा दुरुस्त होईल.

बाहेर जिन्यात पुरावाबाईंनी मावशींना गाठलं. त्या काहीतरी कडक बोलणार होत्या, चेहऱ्यावर तसं तयारही झालं होतं. "मावशी, मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

बाईंनी खडूची बोटं पदराला पुसली. पदर पांढरा झाला. "पुरावा द्या म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, आणि वस्तीनं पहिल्यांदा तो चष्मा हसताना बघितला.

पुढच्या सोमवारी पहाटे मोजणीदार आला. पायांत चकचकीत बूट, काखेत नकाशाची गुंडाळी, डोळ्यांत झोप. धुकं इतकं होतं की त्याला धक्का सापडेना. भाचीनं हाक मारत मारत त्याला आणलं. खांबाजवळचं माप झालं, मावशींचे दोन वजा केल्यावर आकडे जुळले. मग मध्यभागी जायचं होतं. मासेवाल्यानं होडी दिली होती. मोजणीदाराला वल्हवता येत नव्हतं. मावशींना येत होतं. भाची वही घेऊन पुढे बसली.

होडी निघाली. काठ धुक्यात विरघळला, मग धक्का, मग आवाज. पाणी खाली होतं म्हणून, नाहीतर आपण कशावर तरंगतोय हे कळायला मार्ग नव्हता. कुठेतरी एक मासा उडाला आणि त्याचा पडल्याचा आवाज फार उशिरा आला. मोजणीदारानं हात पाण्यात घातला, लगेच काढला, आणि मग कुणी बघत नाहीसं पाहून पुन्हा घातला.

बऱ्याच वेळानं मावशींनी वल्हं थांबवलं. "आलो मधोमध."

मोजणीदारानं मांडीवर नकाशा पसरला. ओल्या बोटानं रस्ता शोधला, केंद्र शोधलं, तिथून अंतर मोजत आला. बोट पांढऱ्या कोऱ्या तुकड्याच्या ऐन मध्यावर येऊन थांबलं.

"मावशी," तो म्हणाला, "नकाशाप्रमाणे आपण आत्ता कोरड्या जमिनीवर आहोत."

"हो का?" मावशी म्हणाल्या. "मग उतरा की, दादा. आम्ही थांबतो."

मोजणीदारानं होडीच्या काठावरून खाली बघितलं. खाली हिरवट काळोख होता आणि त्यात एक मोठा, सावकाश श्वास वरखाली होत होता. तो उतरला नाही. त्यानं खिशातून खोडरबर काढलं, नकाशावर वाकला, आणि त्या बारीक अक्षरांतलं पहिलं अक्षर खोडायला लागला.